कमरेला पिस्तूल लावण्यापूर्वी : स्वारगेटकरांसाठी प्राथमिक धडे

हे धडे नवशिक्यांसाठी आहेत. नवशिका म्हणजे कोण? ज्याने पिस्तूल अजून हातात धरलेले नाही, पण टेक्सासमधल्या कुणा दाढीवाल्याची परीक्षणे रात्री दोनपर्यंत मोबाइलवर पाहिली आहेत, आणि आता जो मुकुंदनगरच्या टपरीवर चहा पिता पिता मित्रांना 'कॉम्पॅक्ट', 'ऑप्टिक-रेडी' आणि 'कन्सील्ड कॅरी' ऐकवतो, तो. ज्यांना परवाना, पिस्तूल आणि अक्कल या तिन्ही गोष्टी आधीच मिळालेल्या आहेत, त्यांनी पान उलटावे.

धडा पहिला, वरची खाच. पिस्तुलाचा जो वरचा भाग मागेपुढे सरकतो ती स्लाइड. ऑप्टिक-रेडी पिस्तुलाच्या स्लाइडवर मागच्या अंगाला कारखान्यातच एक सपाट खाच पाडलेली असते. तिच्यावरची पट्टी काढायची आणि तिथे स्क्रूने एक छोटी काच बसवायची. काचेत लाल ठिपका दिसतो आणि, काच नीट बसवून जुळवलेली असेल तर, ठिपका जिथे तिथे गोळी. पारखताना आधी भोके पाहावीत. स्क्रूच्या भोकांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे पिस्तूल एका घरचे आणि काच दुसऱ्या घरची आणली की पत्रिका जुळत नाही. मग पाहावे की बॅटरी बदलायला अख्खी काच उतरवावी लागते का. कारण उतरवली की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. आणि बॅटरी मेलीच, तर काचेतून नेम धरायची पुढची साधी माशी दिसते की नाही? ठिपका केवढा असावा यावर जाणकार तासन् तास भांडतात. तीन एमओएचा, म्हणजे कोनाच्या तीन मिनिटांचा, ठिपका दहा मीटरवर एक सेंटिमीटरही भरत नाही, एवढे कळले की भांडण ऐकायला मजा येते. पुण्याच्या जुलैत त्या काचेवर पाणी आणि धुके दोन्ही बसते. टेक्सासचा दाढीवाला हे सांगत नाही.

धडा दुसरा, उमेदवारांची यादी. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकचे ४३ एक्स एमओएस, क्रोएशियात बनणारे हेलकॅट ओएसपी, झालेच तर सिगच्या पी ३६५ मालिकेतली खाचवाली भावंडे. सगळी बारीक, हलकी, मॅगझीनमध्ये निदान दहा गोळ्या घेणारी. आणि सगळी नऊ मिलिमीटरची. आपल्याकडे नऊ मिलिमीटर हे सामान्य नागरिकासाठी 'प्रतिबंधित बोअर' आहे, आणि परदेशी पिस्तूल आयात करण्याची सवलत नामवंत नेमबाजांपुरती. तेव्हा ही यादी जितक्या आवडीने लिहिली तितक्याच आवडीने खोडावी. तुलनात्मक मूल्यमापन इथे संपले.

खोडून उरते काय? पॉइंट बत्तीस बोअर. कानपूरच्या शस्त्र कारखान्याचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, कोलकात्याच्या काशीपूर कारखान्याचे 'अशनी' पिस्तूल, २०२३ मध्ये आलेले 'प्रबल' रिव्हॉल्व्हर. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरने खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढले : टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, अर्ध्या किलोचे, किंमत सुमारे सव्वा लाख. ते मरून रंगाच्या दागिन्यांच्या पेटीत मिळायचे. ही कल्पना ज्याची असेल त्याने स्वारगेटवरून रात्रीची बस कधी धरली नसावी, असे माझे मत आहे. ऑप्टिकचे विचाराल, तर रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नसते, मग खाच कुठे पाडणार?

नवशिक्याने खचू नये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात लाल ठिपक्याला परवानगीच नाही. पुढे साधी माशी आणि मागे नेम धरायची साधी खाच. तेव्हा काच नाही म्हणून माझा नेम चुकतो, ही सबब टपरीवरसुद्धा चालू नये.

धडा तिसरा आणि सगळ्यांत लांब : परवाना. पुणे शहरात तो पोलीस आयुक्त देतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जाला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. मग फाइल तुमच्या पोलीस ठाण्यात चौकशीला येते. पिस्तूल कशाला हवे, हे तिथे पटवून द्यावे लागते. जिवाला गंभीर धोका आहे किंवा धंद्याचे स्वरूपच तसे आहे, असे काहीतरी. मार्केट यार्डातला व्यापारी रोकड घेऊन रात्री घरी जातो, हे कारण निदान ऐकून तरी घेतले जाते. सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून वाजले आहे, रिक्षावाला मीटरने येत नाही, सासुरवाडीकडून धोका आहे, ही कारणे खरी असली तरी लिहू नयेत. परवाना मिळालाच तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे. त्यापूर्वी तीन ठेवता येत. काडतुसे किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेले असते. आणि निवडणुका लागल्या की पोलिसांची नोटीस येऊ शकते : शस्त्र ठाण्यात जमा करा. महाराष्ट्रात निवडणुका किती वेळा लागतात हे नवशिक्याने स्वतःच मोजावे.

चौथा धडा प्रात्यक्षिकाचा. नवशिक्याला वाटते की लपवून बाळगणे ही आपली खास युक्ती. नियम उलट सांगतो की सार्वजनिक जागी हातबंदूक होल्स्टरमध्येच हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात हवी. कन्सील्ड कॅरी ही आपल्याकडे हौस नाही, सक्ती आहे. आता पिस्तुलाऐवजी त्याच वजनाचा, म्हणजे पाऊण किलोचा बटाट्याचा पुडा कमरेला बांधून जेधे चौकातून निघा. खरे पिस्तूल नेऊ नका, वाचल्यावर कुणीतरी नेतोच म्हणून सांगतो.

आधी मेट्रो. स्वारगेटचे भुयारी स्थानक २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाले. दारात बॅग यंत्रातून जाते, माणसाची तपासणी होते, आणि मेट्रोत शस्त्र न्यायला मनाई आहे. इथून परत फिरा. पीएमपीच्या थांब्यावर कात्रजची बस आली की दारापाशी जी रेटारेटी होते, तीत फोन गेल्याचे पुढच्या थांब्यावर कळते. पुडा अजून जागेवर आहे का ते चाचपा. चाचपताना शेजारच्या काकूंनी तुमच्याकडे कसे पाहिले, तेही ध्यानात ठेवा. गणेश कला क्रीडा मंचात कार्यक्रम असेल तर दारात पुन्हा तपासणी. दुचाकीवर बसलात तर पुडा पोटात रुततो, आणि सिग्नलला वाकून शर्ट वर गेला की झाकलेले उघडे पडते. त्या पिस्तुलाचे सगळे गुणदोष मान्य केले, तरी ते घेऊन आत जाता येईल अशी जागा स्वारगेटच्या आसपास शोधावी लागते. सारसबागेत जाता येईल म्हणावे, तर तिथे गणपती आणि भेळ.

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवावी लागते. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेटच्या एसटी आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर मुलींनी जवळ काहीतरी बाळगावे, हा विषय पुन्हा निघाला. पण आगारातल्या काळोख्या गाड्यांना कुलूप का नव्हते, गस्त कुठे होती, सुरक्षारक्षक काय करत होते, हे प्रश्न त्याहून आधीचे आहेत. सरकारने तिथले सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश दिले, म्हणजे दोष कुठे होता ते सरकारलाही कळले होते. गावाला निघालेल्या मुलीने सव्वा लाखाचे टायटॅनियम पर्समध्ये घालून आपले रक्षण आपणच करावे, हा सल्ला देणाऱ्याला मी फार मान देत नाही.

पाचवा धडा : काढायचे कधी? नवशिक्यासाठी उत्तर सोपे आहे, दाखवायला कधीच नाही. मुळशीतल्या जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ २०२४ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. पुढे अटक झाली. वरातीत आनंदाच्या भरात गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुण्यात डीजे त्याहून स्वस्त पडतो.

सहावा धडा अगदी छोटा. परवान्याचा एवढा खटाटोप कशाला, 'सामान' बाहेरून मिळते, असे सांगणारा मित्र भेटेल. जळगावच्या चोपड्यापलीकडे, मध्य प्रदेशात उमरटी नावाचे गाव आहे. गावठी पिस्तुलांसाठी ते पोलिसांना तोंडपाठ आहे आणि २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. त्या पिस्तुलाला ऑप्टिकची खाच नसते, ते कधी हातातच फुटते, आणि पकडलेल्याचा बातमीत फोटो येतो. मित्र बदला.

एवढे वाचूनही नेम धरण्याची हौस उरली असेल, तर स्वारगेटहून बालेवाडीला जा. तिथल्या क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे. पॉइंट १७७ बोअरच्या, वीस ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही.