संग्रहालयशास्त्राचा विद्यार्थी (डोळखांब परिसर)

संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी शहापूर-मुरबाड पट्ट्यात तुरळक आढळतो. तो बँकेच्या परीक्षा देतो असा गावाचा समज असतो आणि तो हा समज खोडत नाही. डोळखांबहून जीपने आसनगाव, तिथून कसारा लोकलने मुंबई, असा त्याचा प्रवास. १९०५ साली पायाभरणी झालेले आणि १९२२ साली लोकांना खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे त्याचे मुख्य वसतिस्थान. तिथे इतर लोक मूर्ती बघतात, हा तिच्याखालची पाटी वाचतो. अक्षर किती मोठे, मजकूर किती ओळींचा, काचेवर चकाकी येते का, यावर तो लोकलमध्ये उभ्याउभ्या बोलू शकतो. ऐकणारा मिळणे ही वेगळी गोष्ट.

सत्र सुरू होते जुलैत, म्हणजे ऐन आवणीत. मौखिक इतिहास नोंदवायला तो मोबाइल घेऊन बांधावर उभा राहतो. चिखलात वाकलेली चुलती सांगते, "आधी ही मूठ धर रं." पुढच्या ध्वनिमुद्रणात पाऊस आणि बेडूक.

मग तो घरातल्या वस्तूंकडे वळतो. पांढरे हातमोजे घालून त्याला पाटा उचलताना बघून आजी विचारते, "हात भाजला काय रं?" पाट्याच्या कडेला तो बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक घालतो. संध्याकाळच्या वाटणाबरोबर क्रमांक आमटीत जातो. वस्तूवरचा क्रमांक इजा न होता काढता आला पाहिजे, असा या शास्त्राचा दंडकच आहे. तो इतका तंतोतंत क्वचितच पाळला जात असेल.

सहलीसाठी त्याची पहिली पसंती नाणेघाटाला. मुरबाडकडून वैशाखरे गाठायचे आणि घाट चढायचा. वरच्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा आकड्यांसह कोरल्या आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. ते गेले, कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या, पण डोक्यावर कोरलेली नावे दोन हजार वर्षे टिकली. वस्तू गेली आणि पाटी राहिली! बाकीचे ट्रेकर दरीचे फोटो काढतात, हा या नावांसमोर हात जोडतो. त्याच्या शास्त्राला याहून मोठे प्रमाणपत्र कुठे मिळणार?

सत्राचा शेवट गावच्या शाळेत प्रदर्शन मांडून होतो. 'हात लावू नये' ही सूचना वाचून प्रत्येक जण हात लावतो. इरल्याखाली 'पावसाळी टोपी' लिहिलेले बघून एक आजोबा ते पाठीवर घेऊन वाकून दाखवतात. टोपीने पाठ झाकते का, असे विचारतात. पाटी बदलावी लागते. मात्र तोवर नोव्हेंबर आलेला असतो आणि भाताची झोडणी सुरू असते. परीक्षक पोचायच्या आत सूप, विळा आणि पायली ज्याची त्याने खळ्यावर नेलेली असते. टेबलावर पाट्या ओळीने उभ्या असतात. विद्यार्थी नाणेघाटाचा दाखला देतो आणि काठावर पास होतो.