तिसरीपर्यंत कळ काढा

पोराला वाचता येत नाही, हे सगळ्यांत आधी त्याच्या बाईंना कळते. मग आईला. सरकारला कळायला रीतसर वेळ लागतो.

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे ठरले. त्याआधीच २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत मानाची जागा दिली होती आणि २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी चाचपणीचा मुहूर्तही काढून ठेवला होता : तिसरी किंवा वयाचे आठवे वर्ष, जे आधी येईल ते. म्हणजे ज्या इयत्तेच्या शेवटी पोराने घडाघडा वाचायचे, त्याच इयत्तेत ‘याला जमत नाही की काय’ अशी शंका घ्यायची. पहिली-दुसरीत घेतलीत तर तो तुमचा उतावीळपणा.

मुहूर्तामागे शास्त्र आहे, हे कबूल. सहा वर्षांचे पोर अक्षरे उलटी काढते, काना-मात्रा गिळते. तेवढ्यावरून शिक्का मारू नये. पण शिक्का लांबला म्हणून शिकवणेही लांबवा, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? दुसरीतले पोर ‘बदक’, ‘कमळ’ बिनचूक वाचते आणि ‘सूर्य’पाशी थबकते, कारण र डोक्यावर चढून बसलेला असतो. तोच र ‘चक्रा’त पायाशी येतो, ‘राष्ट्रा’त ट च्या खाली टोपी होतो, ‘वाऱ्यावर’ आडवाच होतो. मोठ्यांना यात काही वाटत नाही. पोराला रोज दहा मिनिटे कुणीतरी शेजारी बसून, ओळीवर बोट ठेवून हे दाखवायला हवे. त्याला प्रमाणपत्र लागत नाही, माणूस लागतो.

आणि नेमका तोच नाही. द्विशिक्षकी शाळेत बाईंकडे दोन वर्ग, पोषण आहाराची नोंद, दुपारपर्यंत भरायच्या चार लिंका, आणि मतदार यादी आली की बीएलओची पिशवी.

हे सारे मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांच्या कानावर घातले. साहेब दुखावले.

‘‘विशेष शिक्षक आहेत की! २०२४ मध्ये शासनाने ४,८६० पदे मंजूर केली. प्रत्येक केंद्राला एक.’’

‘‘एका केंद्रात शाळा किती?’’

‘‘दहा-बारा धरा.’’

‘‘सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक म्हटले होते.’’

‘‘मग? दहाला एक. तेच प्रमाण आहे.’’

दहा मुले आणि दहा शाळा यांत साहेबांना फरक दिसेना. मीही ताणले नाही. एवढेच म्हणालो, की विशेष शिक्षकाची मोटारसायकल या शाळेत पुन्हा येईपर्यंत पोर मागचे सगळे विसरलेले असते.

‘‘भेटीची नोंद होते ना?’’

नोंद होते. तिच्यात कुठे खाडाखोड सापडायची नाही.

खरी माया पाहायची तर दहावीला पाहा. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. मुंबईत काही पालिका रुग्णालयांत या प्रमाणपत्राची केंद्रे आहेत. नववीत जागे झालेले पालक तिथे फायली घेऊन बसतात. सवलत योग्यच आहे, ती काढा असे कुणी म्हणणार नाही. पण पहिलीत दहा मिनिटे न देणारी व्यवस्था दहावीत तास-तास जादा देते, कारण दहावीचा निकाल वर्तमानपत्रात येतो. दुसरीतल्या पोराचे अडखळणे त्याच्या वर्गाबाहेर जात नाही.

‘‘साहेब,’’ मी म्हटले, ‘‘मग या दुसरीतल्या पोराला सरळ दहावीलाच बसवू या का? लेखनिक तरी मिळेल.’’

साहेबांनी चष्मा पुसला, प्रस्तावाचा गांभीर्याने विचार केला आणि म्हणाले, ‘‘वयाची अट आडवी येईल. पण अर्ज करून ठेवा.’’