विंचू कितवा लेखक?

मामा : एका पेपरला सहा लेखक? आणि पेशंट किती म्हणालास?

भाचा : चार.

मामा : म्हणजे माणशी दीड डॉक्टर. विंचू धरलास का यात?

भाचा : चेष्टा नको मामा. कुणाचं काय योगदान ते जर्नलला कळवायचंय. लिहिलं मी. एचओडींचं मार्गदर्शन.

मामा : विंचू चावला पोलादपूरच्या भातकापणीत, मार्गदर्शन मुंबईहून! हे तिसरे कोण?

भाचा : त्यांचं प्रमोशन अडलंय. 'संकल्पना' लिहितो.

मामा : संकल्पना विंचवाची रे! महाडातच बघ. बावस्कर डॉक्टरांचा विंचूदंशावरचा १९८२चा 'लॅन्सेट'मधला पेपर, नाव एकट्याचं. २०११ला 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन नावं, ते आणि बावस्करबाई. पेशंट सत्तर! पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन, दहा तासांत आठ बरे. पस्तिसांना जोडीला प्रतिविष, तर बत्तीस बरे.

भाचा : त्यांना कुठे प्रमोशन हवं होतं? मेडिकल कौन्सिलने २०१५ला पहिल्या दोन नावांनाच प्रमोशनचे गुण ठेवले होते, तेव्हा आमच्याकडे मारामाऱ्या व्हायच्या राहिल्या. बरं, निधी : निरंक.

मामा : पेशंटने जीपचं भाडं दिलं ते?

भाचा : ते धरत नाहीत. हितसंबंध : निरंक.

मामा : आणि मे महिन्यात औषध कंपनीने गोव्याला नेलं ते? मामीला काजू आणलेस की.

भाचा : ती कंपनी विंचवाचं औषध बनवत नाही!

मामा : बनवत नाही तर लिहायला का घाबरतोस? वाचणारा ठरवील. फॉर्मवर ३६ महिन्यांतलं विचारलंय.

भाचा : एचओडींचं नाव काढलं तर पुढचा पेपर कोण करू देईल मला? तुम्हाला ओटीवर बसून बोलायला काय जातंय?

मामा : माझं काही जात नाही. उद्या आडगावातला पोरगा डॉक्टर रात्री हे वाचून डोस देणार. अडला तर सहांतल्या कुणाला फोन लावील?

भाचा : नंबर माझा दिलाय.

मामा : आणि बाकीचे पाच?

भाचा : ...'आभार' असाही रकाना आहे. तुमचं नाव घालू?

मामा : मी कुठे काय केलंय?

भाचा : काहीच नाही.

मामा : मग आभारात कशाला? लेखकांत घाल.