निनावी पाहुणा

अंबाजोगाईच्या एस. टी. स्टँडवर उतरलेल्या अनोळखी इसमास, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वी 'कुण्या गावचे?', 'कुणाचे?' आणि 'कुणाकडे आलात?' या तीन प्रश्नांची जबानी द्यावी लागते, आणि दूरची का होईना, काही सोयरीक निघाल्यावाचून त्याची सुटका होत नाही. अशा मुलखात वाढलेल्या माझ्याकडे आमच्या संस्थेच्या फाइल सर्व्हरचा जिम्मा आला तेव्हा, नाव विचारले असता 'अनॉनिमस', म्हणजे 'मी निनावी', एवढेच सांगणाऱ्यास ते यंत्र बिनदिक्कत आत घेते, हे पाहून मला घेरीच यावयाची राहिली.

फाइली पोहोचविण्याची ही एफटीपी नामक विद्या अभय भूषण या आपल्याच देशातील तरुणाने १९७१ मध्ये, एमआयटीत असताना, प्रथम लिहून काढली. निनाव्याने परवलीच्या शब्दाऐवजी शिष्टाचारादाखल आपला ईमेल पत्ता द्यावा, हा रिवाज मागाहूनचा. मात्र त्याची शहानिशा करण्याची तसदी यंत्र घेत नाही. आमच्या नोंदवहीत एकाने परळीच्या वैद्यनाथाचाच पत्ता दिला होता!

सर्व्हरवर जुन्या पोथ्यांची छायाचित्रे होती, ती कोणीही न्यावीत. पण कोणी आपल्या घरची पोथी पाठवील या भाबड्या आशेने ठेवण्याचीही मुभा दिलेली, तेथे पोथी एकही न येता तीन दाक्षिणात्य चित्रपट, एक हळदीचा समारंभ आणि अगणित डीजे येऊन पडले. याची वाच्यता करणारा अर्जही निनावीच आला. आणि निनावी अर्जाची दखल घ्यावयाची नाही हा आमचा शिरस्ता असल्याने तो दप्तरी दाखल झाला.

बीडजवळच्या खजाना बावडीचे पाणी शेतांकडे जाते. ते पिणाऱ्या पिकास कोणी नाव विचारीत नाही, पण बावडीत केर टाकणाऱ्याचे मनगट धरावेच लागते. तोच न्याय लावून मी निनाव्यास वाचण्याची परवानगी कायम ठेवली आणि लिहिण्याची काढून घेतली. काम एका ओळीतील 'येस' खोडून 'नो' लिहिण्याचे. परंतु त्या एका अक्षरासाठी टिपण, शेरा, फेरशेरा आणि मंजुरी यांत तीन आठवडे गेले, आणि तेवढ्यात चौथा चित्रपट आला.

हुकुमाची अंमलबजावणी झाली त्याच संध्याकाळी फोन खणखणला.

"साहेब, तुमचं सर्व्हर फाइल घेईना की! पिच्चर निम्माच गेलाय."

"आपण कोण?"

"आवो, मी बोलायलोय!"