चूक झाली, कोणाची, ते विचारू नका

मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या जनसंपर्क खात्यात मी नोकरीला होतो. तिथे मी नक्की काय करतो, हे माझ्या सासऱ्यांना काही केल्या कळत नसे.

"म्हणजे माल विकता, जावईबापू?"

"नाही."

"जाहिराती करता?"

"त्याचं खातं वेगळं. मी पत्रकारांना बोलावतो, बटाटेवडे देतो, कंपनीबद्दल चार चांगले शब्द सांगतो."

"आणि वाईट काही घडलं तर?"

मी गप्प बसलो. "असं होय!" ते समाधानाने म्हणाले. "पगार त्याचा आहे."

मग एका उन्हाळ्यात वाईट घडलं. एका लॉटमधल्या मिक्सरच्या झाकणांची पकड सैल निघाली. चटणी वाटायला घेतली की झाकण उडायचं आणि चटणी थेट छताला. साताऱ्यापासून नागपूरपर्यंत स्वयंपाकघरांची छतं हिरवी झाली. एका बाईंनी आपल्या छताचा फोटो वर्तमानपत्राकडे पाठवला. दुपारी वार्ताहराचा फोन आला: बातमी उद्या लागतेय, पाचपर्यंत तुमची बाजू द्या.

मी कागदावर लिहिलं, "आमच्या काही मिक्सरच्या झाकणांत दोष आहे. आमच्याकडून चूक झाली. झाकण फुकट बदलून देऊ." आणि बैठक बसली.

कायदा सल्लागार म्हणाले, "'आमच्याकडून' काढा. उद्या हाच कागद ग्राहक मंचात आपल्यासमोर ठेवतील." उत्पादनाचे साहेब म्हणाले, "दोष कसला? झाकण आपण बनवतच नाही, बाहेरून घेतो. आणि झाकण उडतंय म्हणजे मोटर किती दणकट आहे ते बघा की!" विक्रीवाल्यांना 'फुकट' खटकलं, कारण मग चांगल्या झाकणांचीही रांग लागली असती. हिशेब खात्याने 'बदलून देऊ'वर बोट ठेवलं; या वर्षी तशी तरतूद नव्हती. शेवटी एमडी म्हणाले, "'चूक' जरा बोचतं हो." पाचला दहा मिनिटं कमी असताना कागदावर 'झाली' एवढा एकच शब्द शिल्लक होता. एवढ्यावर निवेदन होत नाही, म्हणून सर्वानुमते एक वाक्य जोडलं: ग्राहकांनी माहितीपुस्तिकेतल्या सूचना काळजीपूर्वक पाळाव्यात.

सकाळी मथळा आला: चटणी करणाऱ्यांचीच चूक, कंपनीचा दावा. 'तुम्हाला चटणी करता येत नाही' हे महाराष्ट्रातल्या एकाही बाईला तिच्या सासूखेरीज कोणी सांगू शकत नाही. आम्ही ते एकदम सगळ्यांना सांगितलं होतं. आठवडाभर छतांचे फोटो येत राहिले. काहींनी भिंतींचेही जोडले.

हा रोग काही आमच्याच कंपनीचा नव्हता. २००३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने आधी बोट दाखवलं दुकानदारांकडे: माल नीट ठेवला नसणार. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने विचारलं, मग तुमचं वेष्टन काय कामाचं? या वादात दिवाळी निघून गेली, आणि दिवाळी म्हणजे चॉकलेटवाल्यांची सुगी. अखेर जानेवारी २००४मध्ये कंपनीने हवाबंद वेष्टन आणलं आणि ते पटवायला अमिताभ बच्चन यांना उभं केलं. दोष दुकानदाराचाच होता, तर वेष्टन का बदललं, हे विचारण्यात अर्थ नाही. बच्चन समोर आले की आपला देश उलटतपासणी घेत नाही.

खरं बोलूनही बुडता येतं, हे मात्र इंग्लंडच्या जेराल्ड रॅटनर यांनी दाखवलं. स्वस्त दागिन्यांची त्यांची दुकानं जोरात चालली होती. एप्रिल १९९१मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भाषण करताना त्यांनी गंमत म्हणून सांगितलं, की आमचा शेरीचा सेट इतका स्वस्त कसा असं लोक विचारतात; अहो, तो निव्वळ भंगार आहे म्हणून! हॉल हसला. सकाळी वर्तमानपत्रं वाचून गिऱ्हाईक हसलं नाही. कंपनीच्या शेअर्सची एकूण किंमत सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरली आणि पुढच्या वर्षी साहेबांना स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. आपल्या गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवणारा विनोद एखाद्या पुणेरी पाटीला परवडतो. तिथे गिऱ्हाईक ते वाचायलाच आलेलं असतं.

यांच्या अगदी उलट टोकाला १९८२चं शिकागो. कोणीतरी टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं आणि सात माणसं गेली. जॉन्सन अँड जॉन्सनला सहज म्हणता आलं असतं, की विष दुकानात मिसळलंय, आमच्या कारखान्यात नव्हे. तेच खरंही असावं, असं तपासावरून दिसत होतं. तरी कंपनीने देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या पुढे गेला. मग उघडल्याचं लगेच कळेल अशा सीलबंद बाटल्या आल्या, आणि वर्षभरात औषध पुन्हा बाजारात घट्ट बसलं. आमच्या हिशेब खात्याला मी ही कथा सांगितली. त्यांनी त्यातला फक्त खर्चाचा आकडा लक्षात ठेवला.

पुढे आमचीही झाकणं बदलली. फुकटच. पण तोवर इतका उशीर झाला होता, की लोकांनी आभार मानायच्या ऐवजी छताच्या रंगाचे पैसे मागितले.

खरं तर क्षमा मागायच्या विद्येचा जाणकार आपल्या प्रत्येक मंगल कार्यालयात सापडतो: नवरीचा मामा. लग्नाच्या दिवशी पहाटे वरपक्षाच्या खोल्यांत गरम पाणी नाही. वरमाय फुरंगटून बसली आहे. गीझर कार्यालयाचा आहे आणि वीज अख्ख्या पेठेची गेली आहे, हे मामाला ठाऊक असतं; पण तो त्यातलं अक्षर बोलत नाही. आधी चहा पाठवतो. मग स्वतः दारात उभा राहून म्हणतो, "विहीणबाई, चुकलं आमचं. बंब पेटवलाय, पाच मिनिटांत बादल्या येतात." आणि बादल्या येतात! मामाचं सगळं सामर्थ्य त्या बादल्यांत आहे. त्याला बंबाच्या लाकडांसाठी कोणाची सही लागत नाही. कंपन्या मात्र क्षमा मागायला अशा माणसाला पाठवतात, ज्याला साधं झाकण मंजूर करायचा अधिकार नसतो. मग तो बिचारा शब्दच उकळत बसतो.

म्हणून माझं एक म्हणणं आहे. जनसंपर्क अधिकारी नेमताना पदवी बघू नका. किती लग्नांत कोठीची किल्ली कमरेला होती, ते विचारा. आणि नेमलात की त्याला किल्ली द्या.