चूक माझी नाही, कम्पायलरची

‘चूक माझी नाही, कम्पायलरची आहे’ या वाक्यात जो रुबाब आहे, तो दुसऱ्या कुठल्याही तांत्रिक विधानात नाही. अर्धविराम राहिला म्हणून ज्याची रोज बोलणी खायची, त्याचीच चूक काढायची! असा बग रिपोर्ट लिहिताना माझी छाती फुगते आणि तिच्याबरोबर मजकूरही फुगतो. माझा अनुभव किती, प्रोजेक्ट केवढा मोठा, डेडलाइन किती जवळ, हे सगळं त्यात येतं. जीसीसी या कम्पायलरच्या बग-सूचना वाचल्या की मात्र हिरमोड होतो. त्यांना नेमकं व्हर्जन हवं असतं, सिस्टम कोणती ते हवं असतं, दिलेली कमांड जशीच्या तशी हवी असते, छापून आलेला संदेश हवा असतो आणि सगळी हेडरं आत ओतलेली प्रीप्रोसेस्ड फाइल हवी असते. माझं मत त्या यादीत कुठेच नाही. मला वाटतं, हेच बरोबर आहे. कम्पायलरचा बग रिपोर्ट लिहिणारा त्यातून जितका बाहेर पडेल, तितका रिपोर्ट कामाचा होतो.

पण आपल्या रक्तात अर्ज आहे. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की’ इथून सुरुवात. मग अर्जदार नियमित करदाता असल्याचा उल्लेख, मग मागच्या अर्जाची आठवण आणि त्याला केराची टोपली दाखवल्याबद्दलचा संयमित संताप. नळाला पाणी नाही ही बातमी तिसऱ्या परिच्छेदात, तीही एका ‘तरी’च्या आडून डोकावणारी. खाली ‘कळावे’, त्याखाली लफ्फेदार सही आणि ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून चार साहेबांची नावं, ज्यांना ती माहिती नको असते. हा अर्ज वाचणाऱ्याला हलवण्यासाठी लिहिलेला असतो. कम्पायलर दुरुस्त करणाऱ्याला हलवून काही उपयोग नाही. त्याला माझ्या कोरड्या नळाचं वर्णन नको. तसाच नळ स्वतःच्या घरी कोरडा पाडून बघता आला पाहिजे.

त्यासाठी कोड छाटावा लागतो. झेलर आणि हिल्डेब्रांट या संशोधकांनी 2002 साली दाखवलं, की मोझिला ब्राउझर ज्या 896 ओळींच्या एचटीएमएलवर कोसळत होता, त्यातली एकच ओळ खरी दोषी होती. सी भाषेसाठी हीच छाटणी सी-रिड्यूस हे साधन आपोआप करतं. माझी देखणी फंक्शन्स, विचार करकरून ठेवलेली नावं आणि विनोदी कॉमेंट्स उडवून ते एक कुरूप तुकडा हातात ठेवतं आणि बग त्यात शाबूत असतो. कोणी म्हणेल, छाटता छाटता भलताच बग हाती लागतो. लागतो खरा. म्हणून प्रत्येक कापणीनंतर मूळचीच लक्षणं उरलीत ना, हे तपासायचं.

यावर आक्षेप असा, की कम्पायलरवर संशय घेणं हाच मुळात उद्धटपणा. तसं नाही. सी कम्पायलर तपासायला यादृच्छिक प्रोग्राम रचणारं सीस्मिथ ज्यांनी बनवलं, त्यांनी 2011 साली सांगितलं, की तीन वर्षांत त्यांनी सव्वातीनशेहून जास्त बग कळवले. तपासलेला प्रत्येक कम्पायलर कुठे ना कुठे कोसळला आणि प्रत्येकाने कधी ना कधी गुपचूप चुकीचा कोडही काढला. कम्पायलर कोसळला तर इनपुट कसलंही असो, दोष कम्पायलरचाच, असं जीसीसीचं मॅन्युअलच म्हणतं. उत्तर चुकीचं आलं, तर मात्र आधी आपला कोड तपासावा. 2007 साली जीसीसीकडे तावातावाने तक्रार आली होती: पूर्णांकात 100 मिळवल्यावर तो वाढला का, ही तपासणीच कम्पायलरने उडवली. चिन्हांकित पूर्णांक ओसंडला तर काय व्हावं, हे सी भाषा सांगतच नाही. त्यामुळे तक्रार अमान्य झाली. राग समजण्यासारखा होता, पण भाषेचा नियम तसाच होता.

‘मग हे फुकटचं काम मी का करू?’ हा आक्षेप मला पटतो, आणि थोडा चिडवतोही. नेटका, छाटलेला रिपोर्टसुद्धा वर्षानुवर्षं उत्तराविना पडून राहू शकतो. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पलीकडे पुष्कळदा कोणीतरी नोकरीचे तास संपल्यावर, पगाराशिवाय, अनोळखी माणसाचा कोड वाचत बसलेलं असतं. आणि बिघाड घडवणारा कोड फक्त माझ्याकडे असतो. मी दिला नाही तर त्याने तो आणायचा कुठून? गुपचूप निघालेला चुकीचा कोड तर भलत्याच कुणाच्या यंत्रात जाऊन बसतो, आणि त्या बिचाऱ्याला कम्पायलर नावाची चीज असते हेही ठाऊक नसतं.

तेव्हा छाटा, व्हर्जन लिहा, कमांड चिकटवा. आणि पाठवण्याआधी एकदा बघा, ‘सोबत फाइल जोडली आहे’ असं लिहिलंय, ती खरोखर जोडली आहे ना.