वाढत्या अंगाचं

लग्नातला नवरदेव सोडला, तर आमच्या लहानपणी मापाचे कपडे कुणाच्याच अंगावर नसत. बाकीच्यांचं सगळं वाढत्या अंगाचं. शिंपी टेप लावायचा तो निव्वळ रीत म्हणून. त्याने छाती मोजली की आई म्हणायची, ‘दोन बोटं सैल ठेवा,’ बाही मोजली की, ‘तिथं चार.’ शर्ट अंगाला नीट बसू लागेपर्यंत कोपराशी विरलेला असे. मग तो धाकट्याकडे जाई आणि त्याला पुन्हा वाढत्या अंगाचा होई. मुलींच्या स्कर्टला खाली भली मोठी दुमड असायची. दर जूनमध्ये ती थोडी उसवायची. उन्हापाण्याने विटलेल्या स्कर्टवर जुन्या दुमडीची गडद रेघ उरे. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून वय सांगतात, तशी त्या रेघांवरून ताईची इयत्ता सांगता यायची.

आजी या शास्त्रातली महामहोपाध्याय. युद्धाच्या काळात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. तेव्हाचं ‘कंट्रोलचं कापड’ तिच्या तोंडी शेवटपर्यंत होतं. कंट्रोल उठलं, आजीने ते घरापुरतं चालू ठेवलं. तिच्या हिशेबी लुगडं फाटणं ही सुरुवात होती. नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड, आणि ते विरतं बसण्या-उठण्याच्या जागी. तेवढा भाग कापून टाकायचा, उरलेले तुकडे जोडायचे, की झालं दांडाचं लुगडं. दांडही विरला की धडक्या भागातून परकर आणि बाळाची दुपटी निघत. त्यानंतर गोधडीचा पदर, मग गोधडीचं पोट, मग भांडी उतरवायचं फडकं, आणि अगदी शेवटी कंदिलाची काच पुसायची चिंधी. या वाटेवर कुठेही ‘टाकून दिलं’ असा मुक्काम नव्हता.

लोकरीचा कारभार आत्याकडे. लहान झालेला स्वेटर ती उसवायची, लोकर धुऊन वाळवायची आणि मग तिची लड कुणाच्या तरी दोन्ही हातांत अडकवून गुंडा करायला बसायची. हा ‘कुणीतरी’ नेहमी आम्हा मुलांतला. हात पुढे करून, कोपरं न वाकवता उभं राहायचं. नाक खाजलं तरी सोय नाही. आणि नेमक्या याच वेळी आजोबांना आमच्या शिक्षणाची आठवण होई. ‘पावकी म्हण.’ पावकी झाली की निमकी, पाऊणकी. एरवी आम्ही मागच्या दाराने पसार व्हायचो, पण लोकरीने बांधलेला मुलगा जाणार कुठे? औटकी येईपर्यंत लोकर संपावी म्हणून मी देवाचा धावा करायचो, तर आत्या मध्येच म्हणे, ‘थांब, गुंता झालाय.’ आजोबा आणि ती मिळून हे ठरवत असणार, असा माझा संशय आजही कायम आहे.

याच आत्याचा हात लग्नाआधी भरतकामावर बसलेला. मॅटीच्या तुकड्यावर लोकरीचं कुत्रं, काचेच्या मण्यांचे हंस, फुटक्या बांगड्यांचं तोरण, आणि उशांच्या अभ्र्यांवर ‘गुड नाइट’. रुखवतात हे सगळं मांडून वर चिठ्ठी: ‘वधूने स्वहस्ते केलेले’. त्यातला एक हंस शेजारच्या घरून आणलेला होता आणि तो आळीतल्या बऱ्याच रुखवतांत पोहून आला होता, हे वराकडच्यांना सोडून सर्वांना ठाऊक होतं. लग्नानंतर काका पहिल्यांदा मुक्कामाला आले. आत्याने टपोऱ्या टाक्यांचा तोच अभ्रा जावयासाठी काढला. सकाळी काका चहाला बसले तेव्हा त्यांच्या उजव्या गालावर ‘गुड नाइट’ उलट्या अक्षरांत उमटलेलं होतं. नव्या जावयाला सांगणार कोण? आजीने पदर तोंडाला लावला आणि आजोबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं, तेही उलटं.

पुढे टेरिलीन आणि टेरिकॉट आलं आणि आजीचं शास्त्र अडचणीत सापडलं. हे कापड विरत नाही, मऊ पडत नाही, पाणी टिपत नाही. त्याचं पोतेरं केलं तर पाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातं, एवढंच. आजी त्याला कापड मानायलाच तयार नव्हती. मग ते बोहारणीकडे जाऊ लागलं. दुपारी अंगणात आई, आत्या आणि बोहारीण असा फड जमे. ‘ताई, एवढ्यात पातेलं नाय येणार, वाटी घ्या.’ ‘अगं, पँट नवीकोरी आहे!’ हे वाक्य आईने घासाघिशीच्या भरात म्हटलं, पण ते खरं निघालं. आमच्या घरातले तात्या संध्याकाळी कपाटात शोध शोध शोधत बसले आणि पँट सापडली ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, झाकणासकट, स्टीलच्या डब्याच्या रूपात. त्या दिवसापासून डब्याचं नावच ‘तात्यांची पँट’. पाहुणे आले की आतून हाक ऐकू येई, ‘तात्यांच्या पँटीतली साखर संपलीय गं!’ आणि बाहेर पाहुणे चहाकडे संशयाने बघत.

आता कुणी या सगळ्याला पर्यावरणाची काळजी वगैरे म्हणतं, तेव्हा मला हसू येतं. आजीला काळजी होती ती महिनाअखेरीची. आणि वस्तू सुंदर होत्या असंही नाही. ते लोकरीचं कुत्रं पाहून खरं कुत्रं भुंकलं असतं. हिशोबही सरळ नव्हता. दोन रुपये वाचवायला आत्याच्या आठवडाभराच्या दुपारी खर्ची पडत. पण बाईच्या दुपारची किंमत घरात कुणी लावलीच नव्हती, म्हणून ते काटकसरीत बसायचं. आजोबांच्या दुपारी कधी कुठल्या गोधडीत गेल्या नाहीत, त्या झोपेत गेल्या.

गोधडीचं मात्र वेगळं. तिला मी नावं ठेवणार नाही. चार घरच्या बाया जेवणं उरकून सतरंजीवर बसत, कडेकडेने धावदोरा घालत मधोमध येत, आणि तोवर आळीतल्या सगळ्या सुनांचा आणि सासवांचा निकाल लागलेला असे. तेवढ्यासाठी तरी त्यांना कुणी उठवत नसे. अशी गोधडी अजून तुमच्या घरी माळ्यावर असेल, तर एक विनंती: ती धुलाईयंत्रात टाकू नका. हाताचा धावदोरा त्या घुसळणीत तुटतो आणि आतल्या लुगड्यांचा गोळा होतो. थंड पाण्यात भिजवा, हाताने चोळा, दोघांनी दोन टोकं धरून हलकेच निथळा आणि सावलीत वाळत घाला. दुसरं टोक धरायला घरातल्या पुरुषाला उठवा.